शब्दचर्चा : 'स्मरणरंजन' म्हणावं का याला?

गोदाकाठ : आमच्या गंगापूर रोडच्या वाचनकट्ट्यासाठी एका कादंबरीचा परिचय लिहितेय. लहानपणी ज्यांच्या साहसकथा वाचल्या तीच पोरं इथे चाळिशीत भेटतात. एकाचे गुडघे दुखतात, दुसरीचे घराचे हप्ते फिटत नाहीत. मी 'स्मरणरंजनपर' लिहिलं, तर कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, "रंजन कसलं? मला रात्री झोप लागली नाही." दुसरा शब्द सुचवा.

पंचवटीकर : ताई, शब्द वाईट नाही. 'रंजन'चं मूळ संस्कृत रञ्ज्, म्हणजे रंगणं, रंगवणं. रंग, राग, अनुरक्त ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे स्मरणरंजन म्हणजे आठवणींना रंग देणं. (आमचा नातू याला दंतमंजनाचा भाऊ समजतो.)

मूळची सिन्नरची : मूळ पटलं काका, पण वापर बघा. आपण 'स्मरणरंजनात रमणं' म्हणतो, आणि नावं ठेवायची असली की 'नुसतं स्मरणरंजन'. त्यात कुठेही दुखत नाही. ज्या इंग्रजी नॉस्टॅल्जियासाठी आपण हा शब्द वापरतो, त्यात मात्र दुखतं. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो शब्द घडवला तो आजाराचं नाव म्हणून. ग्रीक नोस्तोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना.

गोदाकाठ : मग 'गतकातरता'?

मूळची सिन्नरची : अर्थाने जवळचा, पण समीक्षकांच्या बाहेर कोणी बोलतं का? 'कातरवेळ' सगळ्यांना कळते, 'गतकातर' म्हटलं की समोरचा चष्मा पुसतो.

मेनरोड : मी सांगतो काय होतं ते. मे महिन्यात सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, फास्टर फेणे आणायचा, जेवताना ताटाशेजारी उघडा. सावाना १८४०चं, पण आम्हाला ते फक्त आमच्यासाठी उघडलंय असं वाटायचं. २०१७ला सिनेमात मोठा झालेला फेणे पाहिला. मजा आली, तरी घरी येताना वाटलं, फुरसुंगीचा तो सायकलवाला आता कुठे गेला? याला मी चुटपुट म्हणतो.

पंचवटीकर : हुरहूर का नाही?

मेनरोड : हुरहूर पुढचीही असते, निकालाच्या आदल्या रात्री लागते ती. चुटपुट नेहमी मागची. काहीतरी राहून गेलेलं, हातून निसटलेलं. शिवाय ती 'लागून राहते', एकदा येऊन जात नाही.

मूळची सिन्नरची : हे आवडलं. पण चुटपुटीत आपली चूक डोकावते हो. 'भेटायला गेलो नाही याची चुटपुट.' पुस्तकातली पोरं मोठी झाली, त्यात आपला काय दोष?

मेनरोड : आपण त्यांना विसरलो, हा.

गोदाकाठ : लिहिते : 'स्मरणरंजनाने सुरू होऊन चुटपुट लावणारी कादंबरी.'

पंचवटीकर : 'लावून जाणारी' करा.