शाळेतल्या पोरांनी लोकल केबलवर नागपूरचा इतिहास दाखवावा का?

बर्डीवाला
नागपूरचा इतिहास म्हटला की तेच ते. बख्त बुलंद शाह, भोसले, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५३-५४ ला राज्य खालसा, झालं. एम्प्रेस ही कापडाची मिल १८७७ ला सुरू झाली हे पुस्तकात सापडते, पण रातपाळीचे लोक डब्यात काय न्यायचे, भोंगा झाला की कोणत्या गल्लीतून सायकली निघायच्या, २००२ ला कायमचं कुलूप लागल्यावर घरच्या बायकांनी काय कामं धरली हे सांगणारे आता सत्तरीच्या पुढे गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेलं पोरगं आज ऐंशीच्या आसपास आहे. माझं म्हणणं एवढंच की नववी-अकरावीच्या पोरांना कॅमेरा द्या, त्यांच्याच मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करू द्या आणि लोकल केबलच्या चॅनेलवर आठवड्याला अर्धा तास दाखवा. नुसतं रेकॉर्ड करून ठेवू नका, दाखवा, म्हणजे शेजारचा आजोबा ओरडेल की अबे तसं नव्हतं, असं होतं. तेच तर पाहिजे.

महालकर_जुने
काऊन बाप्पा, आता इतिहासाचंही गॅदरिंग करता काय? झिरो माईलचंच घ्या. अर्ध्या नागपूरला वाटते इंग्रजांनी देशभराचं अंतर या खांबापासून मोजलं. तिथला दगड १९०७ चा, ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा, उंची मोजायचा बेंचमार्क आहे, पण व्हॉट्सॲपवर वेगळंच फिरून राहिलं. पोट्टे ते वाचतील, वर म्युझिक टाकतील आणि टीव्हीवर आलं म्हणून लोक त्यालाच खरं धरतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांचंही तेच, काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, एवढं ठीक आहे, पण भोसल्यांच्या राणीची, बाकाबाईची गोष्ट दर पोळ्याला नवीन मीठमसाला लावून येते. आधी जुने कागद, फोटो नीट स्कॅन करा, मग टीव्हीचे शौक.

चितारओळीची
काका, कागद कोणाचे आहेत पण? कमिशनरचे, मिलमालकाचे, दरबाराचे. हातमागावर बसणाऱ्या कोष्ट्याच्या बायकोचा कागद दाखवा मला एक. तिचा ताणा लावायचा हात आणि तिची भाषा कॅमेऱ्यातच येईल. आणि झिरो माईलचं म्हणाल तर पोरांना तिथं उभं करून दगडावरचं वाचायला लावायचं, व्हॉट्सॲपचं खोटं तिथल्या तिथं निघते. शाळेच्या प्रोजेक्टपेक्षा बरं आहे, जे आईच करून देते.

एक सांगते, मे महिन्यात शूटिंग ठेवू नका. कूलर बंद केला तर आजी घामाघूम, चालू ठेवला तर नुसता घर्रर्र आवाज. कॉलर माईक घ्या आणि सकाळी सातला जा, नाहीतर सरळ डिसेंबरात.

केबलवाला_नंदनवन
धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, कोणी पाहणार नाही. घराघरात मोबाईल आहे, सेट टॉप बॉक्सचं रिचार्ज लोक बंद करून राहिले. आणि आपल्याकडे कम्युनिटी रेडिओची पॉलिसी आहे, २००२ ला शिक्षणसंस्थांना आणि २००६ ला एनजीओंना परवानगी मिळाली, टीव्हीसाठी तसं काहीच नाही. अमेरिकेत शहराने मागितलं तर केबल कंपनीला पब्लिकसाठी, शाळांसाठी चॅनेल राखून ठेवावं लागते, इथं सगळं माझ्यासारख्या ऑपरेटरच्या मर्जीवर. माझं मन फिरलं तर तुमच्या स्लॉटला भजनं लागतील. खेडा जिल्ह्याचा प्रयोग आठवा, १९७५ ला गुजरातमध्ये पीज गावचा टीव्ही ट्रान्समीटर, गावातलेच लोक घेऊन गावाचेच प्रश्न दाखवायचे, नाव झालं, बक्षीसही मिळालं. ट्रान्समीटर हलला, खेळ खल्लास.

बर्डीवाला
मग मर्जी आहे तोवर वापरू ना! खेडा बंद पडलं हे खरं, पण लोकांनी पाहिलं नाही म्हणून नाही, मशीनच उचलून नेलं म्हणून. केबल नाही जमलं तर गणपतीच्या मंडपात पडदा लावून दाखवू, मोहल्ल्याने एकत्र बसून पाहणं महत्त्वाचं आहे, यूट्यूबवर टाकून तीस व्ह्यू घेण्यात काय मतलब.

महालकर_जुने
मंडपात दाखवा नाहीतर चौकात, काय दाखवणार ते बोला. २३ नोव्हेंबर १९९४, आरक्षण मागायला आलेल्या गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ लोक गेले. तेही नागपूरचाच इतिहास आहे. शाळेच्या बॅनरखाली कोणते हेडमास्तर त्याची परवानगी देतील? वरून फोन येईल, मग पोट्टे आपले तर्री पोहे आणि संत्र्यावर एपिसोड करत बसतील. गोड गोड इतिहास तयार होईल आणि पन्नास वर्षांनी लोक म्हणतील नागपुरात कधी काही वाकडं झालंच नाही.

चितारओळीची
हा मुद्दा मात्र पटला, म्हणून हे शाळेच्या नावाखाली नकोच. लायब्ररी घ्या, बुद्धविहार घ्या, मोहल्ल्याची समिती करा, पोरं तिथं येतील. गोवारींच्या घरच्यांशी बोलायला सोळा वर्षांच्या पोरांना एकटं पाठवायचं नाही हेही ठरवावं लागेल, आणि बोलणाऱ्याला नंतर नको वाटलं तर तेवढा भाग काढायचा, आधी लेखी द्यायचं.

महालकर_जुने
अर्ध्या तासासाठी तीन तासांचं रेकॉर्डिंग कापाल, उरलेलं कुठं जाते? बीबीसीसारख्या मोठ्या संस्थेनेसुद्धा साठ-सत्तरच्या दशकात टेप पुसून परत वापरल्या, तिथं तुमचं कार्ड तर पुढच्या शनिवारी फॉरमॅट होणार. माझा इतिहासाशी मतलब त्या तीन तासांशी आहे, तुमच्या प्रोग्रॅमशी नाही.

बर्डीवाला
दोन हार्डडिस्क, एक लायब्ररीत, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. प्रत्येक रेकॉर्डिंगला नाव, तारीख, मोहल्ला लिहिलेला. पण भाऊ, दर आठवड्याला प्रोग्रॅम द्यायचा आहे म्हणूनच पोरं रेकॉर्डिंगला जातील. नुसत्या अर्काईव्हसाठी कोणता पोट्टा रविवारची क्रिकेट सोडून राहिला?

महालकर_जुने
ते नाही पटलं. पण माझा मामा एम्प्रेस मिलच्या स्पिनिंग खात्यात होता, अजून खणखणीत बोलतो. तीन तासांची पूर्ण कॉपी मला त्याच दिवशी पेनड्राईव्हवर पाहिजे, कबूल असेल तर विचारून पाहतो त्याला.

केबलवाला_नंदनवन
रविवारी साडेसहा ते सात रिकामं आहे माझ्याकडे. एक महिना फुकट, पुढचं पुढे पाहू.