मदत हवी आहे : सीनियर केजीतल्या मुलीला 'नार्निया' दाखवावा का?

नमस्कार मंडळी,

मुलगी जूनमध्ये सहा पूर्ण करेल. सुट्टीसाठी सांगलीहून भाचा आलाय, तो आता पाचवीत जाईल. रात्री झोपताना दोघांना नार्नियाचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (सी. एस. लुईस, १९५०) सांगतेय. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं इंग्रजी पुस्तक हातात, सांगायचं मात्र मराठीत. कपाटातून थेट बर्फात पोचणारी लूसी दोघांनाही भयंकर आवडली आहे. आजीच्या गोदरेजच्या कपाटात साड्यांमागे हात घालून मागचा पत्रा चाचपून झाला.

आता भाच्याला कळलंय की यावर सिनेमा आहे, २००५चा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्याच पोरांना दाखवू, असंही चाललंय.

माझी अडचण अशी. मुलगी गोष्टीला घाबरत नाही. सासूबाई तिला नरसिंह अवतार सांगतात, उंबरठा, मांडी, नखं, आतडी, सगळं साग्रसंगीत, आणि ही वरणभात खात 'मग पुढे?' विचारते. पण दिवाळीत एका साध्यासुध्या कार्टूनपटाला नेलं तर जाहिराती चालू असतानाच तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले, ते मध्यंतरापर्यंत काढलेच नाहीत. डोळे टक्क उघडे, कान बंद! मध्यंतरात पॉपकॉर्न घेऊन आम्ही घरी.

सर्टिफिकेटवरून फारसा बोध होत नाही. आपल्याकडे २०२४च्या नियमांनी यूएचे ७+, १३+, १६+ असे भाग पाडलेत, ते बरंच झालं, पण सातच्या आतल्या पोरांचं काय ते आईबापांवरच. या सिनेमाला अमेरिकेत पीजी (म्हणजे पालकांनी बघून ठरवावं) आहे, कारण काय तर लढाईची दृश्यं आणि भीतिदायक प्रसंग. कसली लढाई, किती वेळ, भीती कशाची, काही पत्ता नाही. नवरा म्हणतो, दाखव गं, काही होत नाही. रात्री दचकून उठली की तिच्या शेजारी कोण झोपणार, हे तो बोलत नाही.

ज्यांनी मुलांबरोबर पाहिलाय त्यांनी सांगा : सिंहाला मारतात तो प्रसंग कितपत अंगावर येतो? पुस्तकात आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही. 'पुढच्या वर्षी दाखवा' हा सल्ला कृपया नको, भाच्यापुढे टिकणार नाही.

वेताळटेकडी :
सिंहाचं नंतर, आधी सुरुवात बघा. लंडनवरचे हवाई हल्ले पुस्तकात एका वाक्यात उरकलेत. सिनेमा सुरूच बॉम्बफेकीनं होतो. विमानं, फुटणाऱ्या काचा, जीव घेऊन पळणारी मुलं आणि लगेच स्टेशनवर आईचा निरोप. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलीला हेच जड जाईल. मुलं प्रोफेसरांच्या घरी पोचतात तिथून लावा, काही बिघडत नाही.

सिंहाच्या प्रसंगात रक्त जवळपास नाही. पण त्याची आयाळ भादरतात, तोंड बांधतात, भोवती कसल्याकसल्या प्राण्यांचा गलका, आणि दोघी बहिणी लपून बघताहेत. मारण्यापेक्षा ती विटंबना जास्त लागते. माझा मुलगा रडला, पण उठून गेला नाही, कारण सिंह सकाळी परत येतो हे त्याला माहीत होतं. तेव्हा पुस्तक संपवूनच दाखवा. शेवटची लढाई पुस्तकात थोडक्यात आहे, इथे भरपूर ताणलीय. भाच्याची चैन आहे.

पर्वतीपायथा :
सासूबाईंनाच सांगू दे की नार्निया. सिनेमा हवाय कशाला?

बालवाडीताई :
थट्टा सोडली तर मुद्दा त्यातच आहे. आजी सांगते तेव्हा नरसिंह केवढा, हे मुलगीच ठरवते. पडद्यावर ते दुसऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि आवाजही परका.

जोअ‍ॅन कँटर या अमेरिकन प्राध्यापिकेनं मुलांच्या अशा भीतीवर पुष्कळ काम केलंय. शाळेत न जाणाऱ्या वयात भीती दिसण्याची असते : विद्रूप चेहरा, किंवा डोळ्यांदेखत एकाचं दुसरंच काहीतरी होणं. जुन्या 'हल्क' मालिकेतला हल्क चांगल्यांच्या बाजूचा, तरी लहानगी त्यालाच घाबरायची. थोडी मोठी मुलं खरंच घडू शकेल अशा गोष्टींना घाबरतात. तुम्ही मुलीची काळजी करताय, पण बॉम्बचे प्रश्न भाचा विचारेल, तयारीत राहा. 'खोटं असतं ते' हेही त्यालाच पटेल. मुलीला मांडीवर घ्या, हातात खाऊ द्या. लूसीचा मित्र, लाडका टम्नस दगड होतो, तेवढं तिला आधी सांगून ठेवा.

आणि हॉल नको. एक रडलं की सगळी रडतात.

धागाकर्ती :
मनापासून आभार. हॉल रद्द (तसाही किल्ली कुणाकडे आहे यावरच गाडी अडली होती). रविवारी सकाळी घरीच, पडदे उघडे, रिमोट माझ्या हातात. साधारण २ तास २० मिनिटांचा आहे म्हणून दोन बैठका करतेय, सांताक्लॉज मुलांना भेटी देतो तिथे पहिली थांबेल. तोवर पुस्तक संपवते. सासूबाईही बसणार आहेत, त्यांना चेटकिणीत रस आहे.

बीबीसीची १९८८ची मालिका कुणी पाहिलीय का? ती मवाळ आहे म्हणतात.

हिंगणेकर :
पाहिलीय, सहाच भाग आहेत. गोष्टीतले बोलणारे बीव्हर प्राणी म्हणजे चक्क सोंग घेतलेली माणसं आणि सिंह म्हणजे आत माणसं शिरून हलवलेला बाहुला. मुलीला चालून जाईल. भाचा मात्र हसून लोळेल आणि तिलाही बघू देणार नाही, त्याला खाली खेळायला पाठवून मग लावा.