निवृत्त झाले, पण हातांची घाई जात नाही. तुम्ही काय करता?

दुसरी खिडकी

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची. ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, शाखा फोर्टात. डिसेंबरअखेर निवृत्त झाले.

शेवटचं वर्षभर भेटेल त्याला सांगत होते, एकदा सुटले की निवांत राहणार. चहा बसून पिणार, पेपर पहिल्या पानापासून वाचणार, कुंड्यांची माती सावकाश उकरत बसणार. आता फेब्रुवारी निम्मा सरला. पहाटे पावणेपाचला गजर न लावताही जाग येते. साडेसातपर्यंत स्वयंपाक, ओटा, पूजा, कपडे वाळत घालणं, सगळं आटोपलेलं असतं. मग आठ वाजतात आणि मी स्वयंपाकघरात नुसती उभी. चहा अजूनही ओट्यापाशी उभ्यानेच पिते, चार घोटांत. मुलगी बंगळूरला असते, हे फिरायला गेले की साडेनऊशिवाय येत नाहीत. मला घाई करणारं घरात कोणी नाही. ती माझ्या हातांतच भरलीय.

खरं सांगू? गाडीतला वेळ मला कधी असा अंगावर आला नाही. संध्याकाळी सीएसएमटीला बसायला मिळालं की दादर गेल्यावर मांडीवर पिशवी पसरायची आणि मटार सोलायला घ्यायचे. शेजारची, ओळखीची असो नसो, आपणहून मूठभर शेंगा उचलायची. ठाणं येईपर्यंत किलोभर सोलून व्हायचे. २०२२च्या सुरुवातीपर्यंत ठाणं सुटलं की आमची फास्ट पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ सालचा बोगदा, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर. आत गाडीचा असा काही आवाज व्हायचा की बोलणं आपोआप थांबायचं. दिवसभराच्या गप्पा, सासवा, मुलांच्या परीक्षा, सगळं मध्येच तुटायचं. सगळ्या गप्प, फक्त बोटं चालू. ते मिनिट-दीड मिनिट मला दिवसातलं सगळ्यात शांत वाटायचं, हे आता लक्षात येतंय.

परवा दोन किलो मटार आणले, टेबलाशी बसून सोलले. कधी संपले कळलं नाही. समोर दाणे होते, पण ते सोलतानाचं काहीच माझ्याजवळ उरलं नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

ज्यांना सावकाश जगणं जमलंय त्यांनी सांगा ना. ध्यान आणि प्राणायाम करतेच, पण डोळे मिटले की पुढच्या कामांची यादी सुरू होते. मला रोजच्या घरकामातलंच काहीतरी हवंय.

पोळपाट

ताई, तुम्ही मटार एकटीने सोललेत, म्हणून तसं झालं. गाडीतल्या दोघी-तिघींना फोन करा आणि शनिवारी घरी बोलवा. त्यांनाही तुमची जागा रिकामी दिसत असेलच की.

मी ठाण्याची. आमच्या इमारतीत आम्ही पाचजणी होळी झाली की गच्चीवर कुरडया घालतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक शिजताना एकीने पातेलं धरायचं, दुसरीने हलवत राहायचं. घाई केली की गाठी झाल्याच म्हणून समजा. एकटीला विकतच्या आणणं सोपं आहे, तरी गेली सात वर्षं आम्ही एकदाही चुकवलेलं नाही. यंदा या तुम्हीही. खरंच सांगतेय.

अजिंक्यतारा

ताई, मी साताऱ्याचा, वय ६८. शाळेत गणित शिकवायचो. तीन वर्षांपूर्वी आमची ही गेली. दिवस-कार्य झालं, पाहुणे परतले आणि एका सकाळी दुधाची पिशवी ठेवायला फ्रीज उघडला, तर सायीचा डबा तसाच होता. तिने साठवलेली साय. आंबूस वास यायला लागला होता, पण टाकवेना. बहिणीला फोन लावला आणि ती सांगेल तसं करत आयुष्यात पहिल्यांदा तूप केलं.

तेव्हापासून दर रविवारी करतो. आठवडाभर साय साठवायची, शनिवारी रात्री बाहेर काढून विरजण लावायचं. सकाळी रवी. मिक्सर आहे घरात, पण रवीने हाताला कळतं. आधी ती हलकी फिरते, मग जड होत जाते आणि लोणी सुटलं की एकदम पुन्हा हलकी. थंडीत लोणी येईना झालं तर थोडं कोमट पाणी, उन्हाळ्यात बर्फाचं. मग गोळा तीन-चार पाण्यांनी धुवायचा, पाणी नितळ येईपर्यंत.

पुढचं मात्र नीट सांगतो. पहिल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. पातेल्यात काय चाललंय ते धड दिसायचं नाही, म्हणून मी कानांनी तूप कढवायला शिकलो. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर लोणी वितळलं की ते जोरात तडतडायला लागतं. त्यातलं पाणी उडत असतं. बराच वेळ हा आवाज चालतो. मग पत्र्यावरची सर ओसरत जावी तसा तो बारीक बारीक होतो आणि एका क्षणी जवळजवळ थांबतो. वर बारीक फेस धरतो, तळाची बेरी बदामी होते, वास माजघरापर्यंत जातो. तिथे गॅस बंद. आधी बंद केला तर पाणी राहतं आणि तूप टिकत नाही. थोडं रेंगाळलं तर बेरी करपते. त्यामुळे त्या वेळात फोन नाही, पेपर नाही. स्टूल ओढतो आणि ऐकत बसतो. शेवटी विड्याचं एक पान टाकतो, कारण ती टाकायची.

वर्गात मी फार भरभर शिकवायचो. फळा भरला की पुसायचा, मागच्या बाकांवरच्या मुलांचं उतरवून व्हायच्या आत. त्याचं आज वाईट वाटतं. हात ठरवून हळू होत नाहीत, ताई, निदान माझे तरी झाले नाहीत. तुपाने ते करून घेतलं, कारण त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच, आपण कितीही हुशार असलो तरी.

कसबेकर

मी ३४ वर्षांची. नोकरी आहे, चार वर्षांचा मुलगा आहे, सासूबाईंची तब्येत बरी नसते. अशा चर्चा वाचल्या की आधी मला रागच येतो. आठवड्याला तूप कढवत कान देऊन बसायला मला कोण देणार? सावकाश जगणं म्हणजे रिकामा वेळ असणाऱ्यांची गोष्ट, असंच मी मानत होते.

पण सांगण्यासारखं एक आहे. आमचं घर पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीपासून जवळ. लहानपणी दुपारभर तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्यांचे ठोके ऐकू यायचे. या महिन्यात मुलाला बालवाडीतून आणताना तसाच ठोका वरून, झाडातून यायला लागला. टुक, टुक, टुक. तो म्हणाला, आई, झाडात कोण ठोकतंय? मी सांगितलं, तांबट पक्षी. त्याला बघायचाच होता. हा पक्षी मान इकडून तिकडे वळवत ओरडतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतो ते कळत नाही. आम्हाला चार दिवस लागले. रोज त्या झाडाखाली पाच मिनिटं, दप्तर माझ्या खांद्यावर, त्याची मान मागे. पाचव्या दिवशी सापडला. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ आणि छाती लाल. चोच मिटलेली असते आणि प्रत्येक टुकला गळा फुगतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ३४ वर्षं नुसता आवाज ऐकत होते.

मला ती पाच मिनिटं कोणी दिली नाहीत. घरी पोहोचायला उशीर झाला, बोलणीही खाल्ली. तरी आम्ही अजून रोज थांबतो.

दुसरी खिडकी

दहा दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी ह्यांनाही वाचून दाखवलं. सर, तुमचा सायीचा डबा वाचताना मला थांबावं लागलं.

पोळपाट, शनिवारी तिघी आल्या. मटार संपत आले होते बाजारात, जून मिळाले, पण चार किलो आणले. जेवणं राहिली बाजूला, पाच वाजेपर्यंत सोलतच होतो. एक तर म्हणाली, तू गेल्यापासून आम्ही भाजी आणणंच सोडलंय. कुरडयांना नक्की येणार. गहू मी आणते.

कसबेकर, राग येणं अगदी बरोबर आहे. तुमच्या वयात मला कोणी असं काही सांगितलं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं. पण बोगद्यातलं ते मिनिटही मला कोणी दिलं नव्हतं, ते आठवलं.

आणि सर, तूप. पहिल्या खेपेला मी मोठ्या आचेवर केलं आणि आवाज चालू असतानाच उतरवलं. पाणी राहिलं, तिसऱ्या दिवशी वास आला. काल पुन्हा केलं. स्टूल घेतलं, मंद आच, ह्यांना टीव्ही बंद करायला सांगितलं. ते तडतडणं चालू होतं तेव्हा डोक्यात नेहमीसारखंच काहीबाही होतं, वीजबिल, मुलीचा फोन, गॅलरीची जाळी. मग तो आवाज उतरत गेला आणि थांबला. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की कान असेच एकदम मोकळे व्हायचे. मी तशीच बसले होते, गॅस बंद करायला हे धावले. बेरी जरा गडद झालीय, पण करपली नाही.

त्यानंतरचा चहा टेबलाशी बसून प्यायले. ह्यांनीच आणून दिला.

एक विचारायचं राहिलं. बेरीत साखर गरम असतानाच घालता की निवल्यावर? आमच्याकडे आई घालायची, पण मी तेव्हा कधी बघितलं नाही.