जनरेटरची वाया जाणारी धग
जनरेटरची उष्णता काजू कारखान्यात वापरता येईल का, असं एकाने विचारलंय. येते की! डिझेलमधल्या ऊर्जेची वीज होते जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीची बहुतेक धुरातून आणि रेडिएटरच्या पाण्यातून जाते. आमच्या वेंगुर्ल्याकडे गरावरची तांबूस साल सुटावी म्हणून गर साधारण ७० अंशांवर सुकवतात. रेडिएटरचं ८०-८५ अंशांचं पाणी त्याला पुरतं. बी उकडायला वाफ लागते, ती धुराच्या धगीवर करायची. काजूची टरफलं जाळून वाफ करायची आणि तिच्यावर टर्बाइन फिरवून वीज काढायची म्हणता? छोट्या कारखान्याला झेपणार नाही, आणि टरफलाच्या तेलाचा धूर डोळ्यांत गेलाय का कधी? आंबा कॅनिंगवाल्यांनी मात्र नाद सोडावा, दोन महिन्यांचा सीझन. आणि जनरेटर लाइट गेल्यावरच लावत असाल, तर पाइपांचाही खर्च निघायचा नाही.