दोष दर वेळी गेनचाच नसतो
गाडीतल्या साउंड सिस्टिमबद्दल 'गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे' असं म्हणतात, ते शंभर टक्के पटलं; गेन म्हणजे अँप (अँप्लिफायर) स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायची सेटिंग. पण बास पोकळ वाटला की आधी क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या स्पीकरला कोणत्या फ्रिक्वेन्सी जायच्या ते ठरवणारे फिल्टर, तपासा. माझ्या गाडीत दारातल्या स्पीकरमधून ड्रमचा ठोका नुसता 'टक्' असा कोरडा यायचा आणि मी आठवडाभर गेन वाढवत बसलो. शेवटी सीटखाली टॉर्च मारला तर अँपचा हायपास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर चालू, आणि स्टिरिओच्या मेनूतलाही ८० वरच! बटरवर्थ नावाच्या प्रकारचा फिल्टर कटऑफलाच, म्हणजे लावलेल्या फ्रिक्वेन्सीलाच, ३ डेसिबल खाली असतो. असे दोन एकामागे एक लागले की तिथेच ६ डेसिबल जातात, पुढचा उतारही तीव्र होतो.

अँपवरचा फिल्टर बंद केला, स्टिरिओचा तेवढा ठेवला. ठोका लगेच भरीव झाला. मग गेन पुन्हा खाली आणून नव्याने लावला, बास बूस्ट बंद ठेवूनच.