अनुभव धागा: तुमचा बॉक्सर कोणता आणि तो तुम्हाला कुठे भेटला?

परवा देवळाली कॅम्पला घरी गेलो आणि बाबांशी पुन्हा तेच भांडण झालं, सगळ्यात भारी बॉक्सर कोण? मी मुहम्मद अली म्हणतो, ते जो फ्रेझर. बाबा तोफखान्यातले, रेजिमेंटकडून बॉक्सिंग खेळलेले. उंची पाच फूट चार इंच. त्यांचं म्हणणं, "अलीचे हात लांब, पाय हरणाचे, त्यात त्याचं काय कौतुक? आमच्यासारख्या बुटक्याला मार खात खात आत शिरावं लागतं. फ्रेझर तसा शिरायचा." मग 8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी, फ्रेझरचा डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा), अली आडवा. हे सांगताना चहाचा कप बाजूला ठेवून ते खरोखर गुडघ्यात वाकतात आणि डावा खांदा मागे घेतात. वय 76. आई म्हणते, कमरेचा तरी विचार करा.

मी म्हटलं, व्हिएतनाम युद्धाला नकार दिला म्हणून 1967 मध्ये अलीचा किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर ठेवला, ते पाय पुन्हा आलेच नाहीत. 1966 चा क्लीव्हलंड विल्यम्ससमोरचा अली बघा.

"बघितला. समोर फ्रेझर नव्हता."

तर लिहा मंडळी. अट एकच, नुसते आकडे चिकटवू नका.

रविवार_कारंजा
1988 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गल्लीतल्या सात पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि माइक टायसन-स्पिंक्स लढतीची कॅसेट आणली. मी चिवडा आणायला खाली उतरलो, जिना चढून आलो तर स्पिंक्स आडवा. 91 सेकंद! भाडं मात्र अख्ख्या रात्रीचं. मग पैसे वसूल करायला तीच लढत पहाटेपर्यंत रिवाइंड करकरून पाहिली, शेवटी पडद्यावर पट्टे यायला लागले. दुकानदाराने दंड घेतला तो वेगळाच.

पण त्या रिवाइंडने डोळे उघडले. लोक टायसनचा ठोसा बघतात. तुम्ही डोकं बघा. मुठी गालाला लावलेल्या, डोकं सारखं इकडून तिकडे, समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कानावरून जातो तोवर हा आत पोचलेला. त्याचा गुरू कस डी'अमाटोची शिकवण. म्हातारा 1985 मध्ये गेला, पोरगा पुढच्याच वर्षी विसाव्या वर्षी जगज्जेता. 1990 मध्ये टोकियोत डग्लसकडून हरला, तेव्हा उभा होता तो नुसता ठोसा. डोकं जागच्या जागी.

गंगापूर_रोड_01
मेवेदर 50-0, एकही हार नाही. विषय संपला.

रविवार_कारंजा
अट वाचली का भाऊ? आणि हेवीवेटचा मार्सियानो 49-0, म्हणजे एका पानाने मागे? पंगत मोजताय का? वजनगट तरी बघा.

पंचवटी_तालीम
मी बॉक्सर नाही, लाल मातीतला. पण काळाची तुलना म्हटली की आमच्याकडेही हेच रडगाणं असतं. खाशाबा जाधव मातीत घडले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला गादीवर कांस्य जिंकले. त्यांना आजच्या पोरांशी भिडवायचं तर आधी बोला, कुस्ती मातीत की गादीवर?

बॉक्सिंगमध्ये तेच. 1982 मध्ये किताबाच्या लढतीत मॅन्सिनीशी खेळताना कोरियाचा किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. चांगलंच झालं, जीव महत्त्वाचा. पण 1981 ची लेनर्ड-हर्न्स आठवा. तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता, लेनर्डने चौदाव्या फेरीत संपवलं. बाराच्या हिशेबाने हर्न्स जिंकला असता आणि आज आपण लेनर्डबद्दल वेगळं बोललो असतो. जुन्यांनी दम राखून ठेवायचा, नव्यांनी पहिल्यापासून वेग धरायचा. धंदाच वेगळा.

सिडको_डावखुरी
मेरी कोम. डावखुरी आहे म्हणून, माझ्यासारखी. 2012 ला मी नववीत होते. बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं, वजनगट तीनच, सगळ्यात खालचा 51 किलो. दोन वर्षांपूर्वी ती 48 मध्ये जगज्जेती झालेली. स्वतःहून उंच, भरीव पोरींशी खेळून कांस्य आणलं, तेही दोन मुलांच्या जन्मानंतर.

माझी गत उलटी. 54 चे 51 करायला भर मे महिन्यात प्लास्टिकचा रेनकोट घालून पाथर्डी फाट्यापर्यंत पळायचे. रिक्षावाले विचारायचे, "ताई, पाऊस कुठंय?" हाताची बँडेजं दोरीवर वाळत घातली की शेजारच्या काकू आईला हळूच, "कोणाला लागलंय का हो?" एका स्पर्धेत काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त भरले. थुंकून पाहिलं, पळून पाहिलं, वेळ संपली. संध्याकाळी कळलं की काटाच बिघडलेला होता. संयोजक म्हणाले, पुढच्या वर्षी या. गेले नाही.

निखत झरीन अंतर राखून खेळते, तिचं फुटवर्क जास्त देखणं आहे, मान्य. पण मेरीच्या वेळी शिकायला समोर बघायचं कोणाकडे?

अंबड_नाइट_शिफ्ट
19 मे 2024 ची पहाट, फ्युरी-उसिक लढत, कँटीनमध्ये एका मोबाइलभोवती पाच जण. फ्युरी 6 फूट 9 इंच, उसिक अर्ध्या फुटाने कमी. मधल्या फेऱ्यांत वाटलं गेला हा. नवव्यात त्याने फ्युरीला असा झोडला की पंचाला मोजावं लागलं. हेवीवेटचे सगळे किताबाचे पट्टे एकाच्या कमरेला, लेनॉक्स लुइसनंतर पहिल्यांदाच. आमची मशीन तेवढा वेळ कोण बघत होतं ते विचारू नका. धागाकर्ते, बाबांना ही लढत दाखवा.

धागाकर्ता
दाखवली. नवव्या फेरीला बाबा खुर्चीतून उठले, शेवटपर्यंत बसले नाहीत. निकाल लागल्यावर म्हणाले, "बरा आहे. पण हा बाजूने शिरतो. फ्रेझर समोरून शिरायचा." आणि लागले गुडघ्यात वाकायला. आईने कप आधीच उचलून ठेवला होता.