लिमिट आधी पडद्यावर की आधी वहीत?

चाफेकळी (धागा लेखिका)

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. आमच्याकडे प्रॅक्टिकलला मॅक्सिमा आहे. एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या कामातून आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या मशीनवरही चालतं आणि बीजगणित अक्षरांत करून देतं. पण आम्ही ते वापरतो कसं? तासाला लिमिट (क्ष एखाद्या संख्येकडे किंवा अनंताकडे जाताना फंक्शनची किंमत कशाकडे जाते ते) शिकवून झाली, वहीत ढीगभर उदाहरणं झाली, की सत्र संपता संपता तीच उदाहरणं लॅबमध्ये टाइप करायची. उत्तर जुळलं की जर्नलात उतरवायचं आणि सही घ्यायची.

माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आधी पडद्यावर फंक्शनशी झटापट होऊ दे, वही नंतर.

कारण सांगते. अकरावीला लिमिट हा धडा युक्त्यांच्या कप्प्यांत शिकवला जातो: अवयव पाडा, रॅशनलाइज करा, त्रिकोणमितीची सूत्रं लावा, क्ष अनंताकडे गेला की मोठ्या घातांकाने भागा. मुलं उदाहरण बघून कप्पा ओळखतात, फंक्शनकडे बघत नाहीत. √(क्ष² + क्ष) − क्ष ची अनंताकडची लिमिट विचारा, चटकन १/२ काढून देतील. मग विचारा, या १/२ चा √(क्ष² + क्ष) च्या आलेखाशी संबंध काय? वर्ग गप्प.

हेच जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला लावलं की चित्र बदलतं. वक्र काढा, शेजारी य = क्ष + १/२ ही रेषा काढा आणि झूम कमी करत जा. उजवीकडे दोन्ही एकमेकांत विरून जातात. −१ आणि ० यांच्या मध्ये वक्र गायबच असतो, आणि डावीकडे तो ही रेषा सोडून भलतीकडे जातो. तेव्हा मुलं स्वतःहून विचारतात, "मॅडम, डावीकडे कुठली रेषा?" मग मॅक्सिमाला क्ष उणे अनंताकडे नेऊन आधी वक्र भागिले क्ष ची लिमिट विचारायची. −१ येते, तो चढ. मग वक्र + क्ष ची विचारायची. −१/२ येते. म्हणजे य = −क्ष − १/२. असिम्टोट, म्हणजे वक्र ज्या रेषेच्या हवं तितकं जवळ जात राहतो ती रेषा, काढायची पद्धत मुलांनी स्वतःच्या गरजेतून मागून घेतली. मी फळ्यावर लिहून दिली असती तर ती आणखी एक युक्ती झाली असती.

तुमचा अनुभव काय? विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.

उभी_रेघ

विरोध आहे. मी सीईटीचे क्लास घेतो. पेपरात गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा अकरावीवरचा. तिथे मॅक्सिमा नाही. ज्याला कप्पे म्हणून तुम्ही बाजूला सारता, त्याच कप्प्यांवर मुलाचं पुढचं ॲडमिशन ठरतं.

आणि पडदा पाहून कळलं, असं मुलांना वाटतं. हात घातला की कळलेलं नसतं. √(४क्ष² + क्ष) भागिले क्ष, क्ष उणे अनंताकडे. दहातले बरेच जण २ लिहितात, कारण √क्ष² म्हणजे क्ष हे डोक्यात पक्कं बसलंय. क्ष ऋण असताना ते −क्ष असतं, म्हणून उत्तर −२. ही चूक वहीतच होते आणि वहीतच सुधारते. सॉफ्टवेअर −२ देऊन मोकळं होईल, पोराच्या डोक्यातला गोंधळ जागच्या जागी.

चाफेकळी

सर, सीईटीची निकड मला मान्य आहे. पण तुमचंच उदाहरण घ्या. त्या वक्राची डावी बाजू −२ च्या रेषेकडे जाताना एकदा डोळ्यांनी पाहिली, तर २ लिहिताना हात अडखळेल की नाही? मी सराव काढून टाका म्हणत नाहीये. सरावाच्या आधी काय, एवढाच माझा मुद्दा आहे.

कोरी_पाटी

ताई, डोळ्यांनी पाहिलं की समजतं, यालाच माझा आक्षेप आहे. लिमिट ही डोळ्यांनी पाहायची गोष्टच नाही.

मुलांना स्प्रेडशीटमध्ये (१ + १/न)^न काढायला लावा. न = १०००, दहा लाख... २.७१८ कडे छान सरकतं. सगळे खूश. आता न = १०^१५ घाला. ३.०३५ येतं. १०^१६ घाला, १ येतो. संगणक साधारण १६ अंकच धरतो, त्यामुळे १ मध्ये मिळवलेला १/१०^१६ तो गिळून टाकतो आणि १ चा कितवाही घात १च. तसंच (१ − कॉस क्ष)/क्ष². ० पाशी लिमिट १/२. क्ष = १०^−८ ठेवलं की उत्तर शून्य. आलेख झूम करत त्या बिंदूजवळ गेलात तर रेघ वेडीवाकडी थरथरायला लागते. मुलगा म्हणणार, इथे लिमिट नाही.

आणखी एक. नैसर्गिक लॉगचा लॉग, लॉग(लॉग क्ष). हे अनंताकडे जातं. पण क्ष = १०^१०० ठेवलं तरी किंमत ५.४४. कुठल्याही पडद्यावर तो आलेख आडवा झालेला दिसेल. आडवा असिम्टोट आहे असं पोरं छातीठोकपणे सांगतील आणि साफ चुकतील. ज्याचा पाया वहीत पक्का नाही, त्याला हे सॉफ्टवेअर फसवणार.

चाफेकळी

उदाहरणं उत्तम, तिन्ही वर्गात घेणार आहे. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. हे सगळे दोष आकडेमोडीचे आणि आलेखाचे. मॅक्सिमा लिमिट काढताना क्ष च्या जागी लहान-लहान आकडे ठेवत बसत नाही, राशीवरच काम करतं. तिथे (१ − कॉस क्ष)/क्ष² ला १/२ च येतं आणि लॉग(लॉग क्ष) ला अनंतच येतं.

उलट डोळा आणि आकडे दोन्ही फसतात तिथे हेच कामाला येतं. लॉग क्ष भागिले क्ष^(१/१००) घ्या. क्ष दहा लाख असताना सुमारे १२, १०^१२ असताना सुमारे २१. वाढतंच आहे. हे वाढणं कुठवर चालतं? क्ष = ई^१०० पर्यंत (ई म्हणजे वरचाच २.७१८...), म्हणजे ४४ अंकी संख्येपर्यंत. तिथे किंमत १००/ई, म्हणजे ३६.८ च्या आसपास, आणि मग उतरण सुरू. लिमिट शून्य. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला कोणीही हे अनंताकडे जातंय असंच म्हणेल. चिन्हांत काम करणारं सॉफ्टवेअर शून्य सांगतं. ही विसंगती वर्गात आली की "का?" हा प्रश्न मला विचारावा लागत नाही.

अर्धविराम

मी सॉफ्टवेअरवाला, शिक्षक नाही, पण हा विषय जवळचा. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय: चिन्हांत दिलेलं उत्तरसुद्धा त्या सॉफ्टवेअरच्या करारानुसार असतं.

पायथन भाषेतल्या सिमपायला (हेही मॅक्सिमासारखं चिन्हांत गणित करतं) १/क्ष ची ० पाशी लिमिट विचारा. उत्तर धन अनंत. |क्ष|/क्ष विचारा, उत्तर १. दोन्ही ठिकाणी खरं उत्तर "लिमिट नाही" असं आहे. पण सिमपाय चुकलेलं नाही. बाजू सांगितली नाही तर ते उजवी बाजू धरतं, तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. मॅक्सिमात १/क्ष ला 'इन्फिनिटी' येतं आणि मुलं त्याला धन अनंत समजतात. तिथे धन अनंताला 'इन्फ', ऋण अनंताला 'मिन्फ', आणि 'इन्फिनिटी' म्हणजे दिशा न ठरलेला, संमिश्र संख्यांमधला अनंत. शेवटी 'प्लस' किंवा 'मायनस' लिहिलं की बाजूनिशी नीट उत्तरं मिळतात. साइन(१/क्ष) ला 'इंड' येतं, म्हणजे मर्यादेत राहतं पण एका जागी स्थिरावत नाही. हे तीन-चार शब्द ज्याला वाचता येत नाहीत, त्याने ते उत्तर जर्नलात उतरवू नये.

जिओजेब्राची असिम्टोट कमांडही तशीच. त्यांच्याच माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलंय की सगळे असिम्टोट सापडतीलच असं नाही, आणि उदाहरण लॉग क्ष च्या उभ्या असिम्टोटचं दिलंय. म्हणजे ज्या फंक्शनचा उभा असिम्टोट आपण पहिल्या दिवशी शिकवतो, तोच सुटू शकतो.

आत काय चालतं हेही थोडं सांगतो. सिमपाय जी रीत वापरतं ती डॉमिनिक ग्रुंट्झ यांनी झुरिकच्या ईटीएचमध्ये १९९६ च्या प्रबंधात मांडली. राशीतला सर्वांत वेगाने बदलणारा भाग शोधायचा, त्याच्या घातांत बाकीचं मांडायचं आणि पहिलं पद बघायचं. वाटेत एखादी राशी शून्य आहे की नाही हे सतत ठरवावं लागतं. आणि १९६८ मध्येच डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केलं होतं की साइन, घातांकी फंक्शन, निरपेक्ष किंमत वगैरे असलेल्या सगळ्या राशींसाठी हे बिनचूक ठरवणारी एकच यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. त्यामुळे "सॉफ्टवेअरने सांगितलं" हे कारण म्हणून कधीच पुरणार नाही.

कोरी_पाटी

अर्धविराम यांनी माझंच म्हणणं जास्त नेमकं मांडलं. ज्याला आधीच दोन बाजूंची लिमिट माहीत आहे, तोच 'प्लस'-'मायनस' लिहिणार. नवख्याला ते सुचणारच नाही. म्हणून आधी वही.

निंबोणी

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात आहे. लॅब नावापुरती, पण मुलांच्या हातात फोन आहेत, आणि जिओजेब्रा एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. चाफेकळी ताईंशी मी सहमत आहे, एका पुस्तीसह: पडद्यावरच्या चुका हाच धडा समजून शिकवा.

टॅन क्ष चा आलेख काही सॉफ्टवेअर बिंदू जोडत काढतं, मॅक्सिमाही त्यातच. मग ९० अंशांपाशी वरून खाली एक सरळ उभी रेघ येते. मुलं ती रेघ वहीत जशीच्या तशी उतरवतात. मी तिथेच थांबवते. या रेघेवरचा एक तरी बिंदू फंक्शनचा आहे का? क्ष = ९० अंश ठेवून दाखव. ठेवता येत नाही. म्हणजे ही रेघ कोणाची? पाच मिनिटं वर्गात नुसता कल्ला असतो आणि उभा असिम्टोट म्हणजे काय ते त्या कल्ल्यातून निघतं. मॅक्सिमात १/क्ष काढताना य ची मर्यादा दिली नाही तर सगळा आलेख चेपून दोन आडव्या रेघा आणि मध्ये एक सुळका दिसतो. तोही तसाच राहू द्यावा आणि विचारावं, असं का झालं?

कोरी_पाटी सर, नवख्याला दुसरी बाजू सुचत नाही हे खरं. पण १/क्ष चा डावा भाग खाली जाताना दिसला आणि उत्तर धन अनंत आलं, की ती सुचते. माझ्या वर्गात सुचली आहे.

कोरी_पाटी

निंबोणीताई, तुम्ही शेजारी उभं राहून विचारता म्हणून सुचते. साठ मुलांची बॅच आणि एक शिक्षक, तिथे कोण विचारणार?

माझी खरी काळजी वेगळी आहे. (साइन क्ष)/क्ष चा असिम्टोट य = ० आहे आणि आलेख त्याला अनंत वेळा छेदतो. पडद्यावर दिसतं, छान. पण ती लिमिट शून्य का? साइनची किंमत १ च्या वर जात नाही, म्हणून दिलेल्या कुठल्याही एप्सिलॉनसाठी (लिमिटपासून जास्तीत जास्त किती लांब चालेल ते धन अंतर) क्ष हा १/एप्सिलॉनच्या पुढे गेला की काम झालं. ही एक ओळ मुलाला लिहिता आली पाहिजे. ती कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्याकडून लिहून घेत नाही.

किंवा (क्ष + साइन क्ष)/क्ष घ्या. अनंताकडे लिमिट १, उघड आहे. लोपितालचा नियम (वरच्या आणि खालच्या राशीचं डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढायची) लावून बघा, वर १ + कॉस क्ष येतं, त्याला लिमिटच नाही. मुलगा म्हणतो, मूळ लिमिटही नाही. नियमाची अट न वाचता नियम लावला. मॅक्सिमा १ सांगेल, पण अट वाचायला तोच शिकला पाहिजे.

चाफेकळी

या ओळीबद्दल आपलं भांडणच नाही. एप्सिलॉनची पट्टी मी स्लायडरने पडद्यावर आणते. पट्टी अरुंद करत गेलं की वक्र पट्टीत कायमचा शिरायची जागा उजवीकडे सरकत जाते, आणि ती जागा सूत्रात पकडायला सांगते. १/एप्सिलॉन मुलांनीच काढलंय. सिद्धता मात्र वहीतच होते, तिथे तुम्ही बरोबर आहात.

साठच्या बॅचसाठी प्रॅक्टिकलचा आराखडा बदलतेय. प्रत्येक फंक्शनसाठी आधी पेनाने अंदाज लिहायचा: कुठे लिमिट आहे, कुठे नाही, कुठले असिम्टोट. मग मॅक्सिमा, दोन्ही बाजूंनी. मग जिथे अंदाज, उत्तर आणि आलेख जुळत नाहीत, तिथे कारण लिहायचं. गुण फक्त या तिसऱ्या भागाला. क्ष + लॉग क्ष हे पहिलं ठेवणार आहे. क्ष दहा लाख झाला तरी य = क्ष पासूनचं अंतर १३.८ च, त्यामुळे चित्रात असिम्टोट असल्यासारखं दिसतं. चढ १ येतो, पण वक्र − क्ष ची लिमिट अनंत. असिम्टोट नाही.

कोरी_पाटी

अंदाज पेनाने आधी, हे मान्य. क्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण हा आराखडा मी वापरून बघेन. तोंडी परीक्षेत मात्र संगणक बंद करून विचारणार: क्ष + साइन क्ष ला तिरका असिम्टोट का नाही?

दुसऱ्या_बाकावरून

मी विद्यार्थी आहे, प्रथम वर्ष. उत्तर देऊ का सर? चढ काढला तर वक्र भागिले क्ष ची लिमिट १ येते. मग वक्रातून क्ष वजा केला की नुसता साइन क्ष उरतो. तो −१ आणि १ च्या मध्ये फिरत राहतो, लिमिट नाही. म्हणून य = क्ष + क अशी एकही रेषा बसत नाही. मॅक्सिमात हे टाकल्यावर 'इंड' आलं होतं, त्याचा अर्थ अर्धविराम सरांमुळे आज कळला.

मग मी साइन क्ष च्या जागी (साइन क्ष)/क्ष घेऊन बघितलं. आता वजाबाकी शून्याकडे जाते, म्हणजे य = क्ष असिम्टोट आहे, आणि वक्र त्या रेषेला पायच्या प्रत्येक पटीत छेदतो, फक्त शून्य सोडून, कारण तिथे फंक्शनच नाही. हे बरोबर आहे ना?

कोरी_पाटी

बरोबर आहे. शून्यापाशी फंक्शन नाही, पण लिमिट आहे का, आणि असेल तर किती, तेवढं वहीत लिहून टाक.

दुसऱ्या_बाकावरून

आहे. क्ष शून्याकडे जातो, (साइन क्ष)/क्ष १ कडे, म्हणून १. दोन्ही बाजूंनी सारखीच.